दोन रकान्यांमधलं सूत

शिवलीला गेली हे मला एजाजच्या छापखान्यात कळलं. विजापूर वेशीजवळ त्याचा छापखाना आहे. मी तिथे एका लग्नपत्रिकेचं कटिंग बघायला गेलो होतो. मशीन चालू होतं, त्यामुळे फोनवर काही ऐकू येईना. एजाजने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बटण बंद केलं. फोन शेजारच्या नागम्माचा होता.

"अण्णा, अक्का खुर्चीतच कलंडली. हाका मारल्या, उठंना. रिक्षात घालून नेतोय आमी. तुमी सरळ दवाखान्यातच या."

मी पोचलो तेव्हा डॉक्टर बाहेर उभे होते. मेंदूत रक्तस्राव झाला, आणलं तेव्हाच जीव नव्हता, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, आधी काही तक्रार होती का? डोकं दुखणं, चक्कर, डोळ्यांना काही वेगळं दिसणं? बीपीची गोळी चालू होती तेवढं मी सांगितलं. बाकी नाही म्हणालो.

आमची मुलगी दानेश्वरी पुण्यात एका कंपनीच्या हिशेब खात्यात आहे. ती संध्याकाळी आली. तिने पण डॉक्टरांना गाठून काहीतरी विचारलं. मी बाकावर बसलो होतो, मला ऐकू आलं नाही. डॉक्टरांनी खांदे उडवल्यासारखं केलं, मग मान हलवली. दानेश्वरी परत येऊन माझ्याशेजारी बसली. काय विचारलंस, हे मीही तिला विचारलं नाही.

घरी आलो तर कॉम्प्युटर चालूच होता. नागम्माने जाताना पंखा आणि ट्यूबलाइट बंद केली होती. कॉम्प्युटर कसा बंद करतात ते तिला माहीत नव्हतं. पडद्यावर मायाप्पा गुरुजींच्या पुस्तकाचं पान होतं. डावीकडचा मराठी रकाना भरलेला, उजवीकडचा कन्नड रकाना अर्धा. मी फाइल सेव्ह केली आणि कॉम्प्युटर बंद केला.

आमचा धंदा थोडा सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. घराच्या पुढच्या खोलीत आमचं डीटीपीचं काम चालतं. पानं लावायची, म्हणजे मजकूर टाइप करून कॉम्प्युटरवर पानात बसवायचा आणि छापायला एजाजकडे द्यायचा. पत्रिका, पावतीपुस्तकं, अहवाल, अधूनमधून एखादं पुस्तक. गिऱ्हाईक आणि कटिंग मी बघायचो. पानं मी पण लावतो, पण मराठी. कन्नड फक्त शिवलीलाला येत होतं. म्हणजे बोललेलं मला कळतं, लिहिता-वाचता येत नाही. ती दुधनीची. माहेरी कन्नडच बोलायचे. आमच्या घरात ती माझ्याशी मराठी बोलायची आणि मुलीशी कन्नड. दानेश्वरी तिला अव्वा म्हणायची आणि मला अप्पा.

शिवलीलाचे वडील सुतारकाम करायचे. त्यामुळे मिलिमीटर तिला कधी आपलं वाटलं नाही. ती सुतात मोजायची. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार, लोहार, जुने छापखानेवाले सगळे सुतात बोलतात. एजाज पण. त्या दोघांचं यावरून कायम चालायचं.

"एजाजभाई, कालच्या पत्रिका अर्धं सूत तिरप्या कापल्यात."

"भाबी, लग्न लागलं, पोरगी नांदायला गेली. आता अर्ध्या सुतासाठी परत आणू का तिला?"

"तिला नको. पत्रिका आणा."

कॉम्प्युटरला सूत कळत नाही. ती इंचाचा आठवा भाग असा आकडा टाकायची आणि कॉम्प्युटर त्याचे मिलिमीटर करून दाखवायचा. ३.१७५. हा आकडा आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता. दुधाचा हिशेब विसरायचो, हा नाही.

गुरुजींचं पुस्तक कोड्यांचं आहे. ते दुधनीला शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर सीमेवरच्या गावांमधून त्यांनी कोडी गोळा केली. डाव्या रकान्यात मराठी, उजव्यात कन्नड. मधे उभी रेघ, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना एक एक सूत मोकळी जागा. ही जागा शिवलीला तिच्या वडिलांच्या पद्धतीने ठेवायची. दोन फळ्यांमध्ये सारखी फट हवी असेल तर सुतार मधे एक लाकडी पट्टी धरतो, दोन्ही फळ्या तिला टेकवून ठोकतो, मग पट्टी काढून घेतो. शिवलीला पानावर एक सूत रुंदीची रिकामी, छापली न जाणारी पट्टी काढायची, मजकुराची चौकट तिला चिकटवायची, आणि पुस्तक पुरं झालं की सगळ्या पट्ट्या काढून टाकायची. कॉम्प्युटरमध्ये यापेक्षा सोपा उपाय आहे, तो मी तिला दाखवलाही होता. ती म्हणाली, "तुमच्या उपायाला हात लावून बघता येतं का?" पट्टीला तरी कुठे येत होतं. पण मी तो विषय सोडला.

*

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. दानेश्वरीने रजा वाढवून घेतली. मला वाटलं माझ्यासाठी थांबली आहे. ती ताटावर बसायची, भाकरी मोडायची आणि तशीच उठायची. ऑफिसचे फोन उचलायची नाही. एकदा मी तिला म्हटलं, असं किती दिवस चालणार? तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, अव्वाने मला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"डोळ्यांपुढे धागा हलतो म्हणाली. फोनवर. मी ऑफिसमध्ये होते, साहेब समोर होते. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, दाखवून घे. आणि ठेवला फोन."

"कधी?"

"जाण्याच्या आधी, दोन-तीन आठवडे. मी नंतर वाचलं सगळं. डोळ्यांपुढे असं काही दिसलं तर लगेच दाखवायचं असतं. डॉक्टरांना पण विचारलं मी त्या दिवशी."

"मग?"

"असू शकतं म्हणाले."

मी तिला सांगितलं की मला ती असं काही म्हणाली नव्हती. त्यावर ती म्हणाली, "तुम्हाला नाही म्हणाली. मला म्हणाली."

त्यानंतर ती हे प्रत्येकाला सांगू लागली. कोणी भेटायला आलं की पाणी द्यायची आणि सांगायची. नागम्माला सांगितलं, तेव्हा नागम्माने मान हलवली. तिच्या घरात माग आहे. ती म्हणाली, "पोरी, आमच्या घरात नुसता धागाच धागा. नाकात धागा, आमटीत धागा. अक्का रोज येऊन बसायची. डोळ्यांपुढं धागा हाय म्हणून कधी नाही बोलली." दानेश्वरी म्हणाली, "तुम्हालाही नाही बोलली. मलाच बोलली."

मी तिच्याकडे बघत होतो. बायको गेली ती गेली, त्याला इलाज नव्हता. पण ही पोरगी त्या एका फोनला धरून बसली होती आणि तिला तिथून कसं उठवायचं ते मला समजत नव्हतं. नोकरीवर परत जाते की नाही अशी वेळ आली होती.

*

अशात मायाप्पा गुरुजी आले. दुधनीहून एसटीने आले होते. पिशवीत तपासायला दिलेली पुस्तकाची मुद्रितं होती. आधी शिवलीलाच्या फोटोसमोर बसले. मग चहा घेतला. पुस्तकाचं काही काढेनात. शेवटी मीच विचारलं.

"राहू दे की," ते म्हणाले. "कोडी कुटं पळून जात्यात. इतकी वर्षं लोकांच्या तोंडात ऱ्हायली, अजून थोडी ऱ्हातील."

"तपासून आणलंय ना तुम्ही?"

"आणलंय. एकच जागा लई खटकली बघा. आमच्या फळ्याचं कोडं." गुरुजींनी पान काढून वाचलं. "काळ्या रानात पांढरं पीक, विळा न्हाय, फडक्यानं कापणी. मराठी बरोबर हाय. कन्नडमधी फडक्याला 'बट्टे' घातलंय. बट्टे बेंगळूरकडचं. आमच्या बायका 'अरिवि' म्हणत्यात. अक्कलकोटच्या एका प्राध्यापकांनी तपासलं, त्यांनी सुधारलं. सुधारलं म्हंजे बिघडवलं."

दानेश्वरी भिंतीला टेकून बसली होती. गुरुजी तिच्याशी कन्नडमध्ये बोलू लागले. कशी आहेस, कधी जाणार, जेवतेस की नाही. तिने त्यांनाही तेच सांगितलं. पण या वेळेला कन्नडमध्ये सांगितलं. आईने म्हटलं होतं त्याच शब्दांत.

"कण्ण मुंद नूल अल्लाडतद, अंदळु."

डोळ्यांपुढे नूल हलतं, म्हणाली. मी चहाचे कप उचलत होतो. मी ते परत खाली ठेवले.

"काय म्हणाली?" मी विचारलं. "धागा म्हणाली की नूल म्हणाली?"

"नूल म्हणजे धागाच की, अप्पा."

"ती काय म्हणाली ते सांग. तिच्या तोंडचं."

"नूल. नूल अल्लाडतद."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही उमगलं होतं. "अगं," ते म्हणाले, "तुझा आज्जा कोण होता?"

"सुतार."

"मग? तो काय सेंटीमीटरनं मोजायचा व्हय? आमच्या शाळेला फळा केला त्यानं. म्या म्हटलं, चांगला झालाय, लावा. तो म्हणाला, गुरुजी, या बाजूला एक नूल कमी हाय. आन् फळा डोक्यावर घेऊन परत गेला. पोरं आठवडाभर फळ्याबिगर. पोरं लई खूश." ते हसले. मग थांबले. "मराठीत सूत, तेच कन्नडमधी नूल. धागा बी नूल, आन् माप बी नूल."

शिवलीला माझ्याशी बोलताना सूत म्हणायची. मुलीशी बोलताना तेच सूत नूल व्हायचं. यात काही नवीन नव्हतं. पण दानेश्वरीने माझ्यापर्यंत आणताना त्याचा धागा केला होता, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. आणि दानेश्वरी दहावीनंतर बाहेरच शिकली. त्यानंतर आईचं काम तिने जवळून बघितलं नव्हतं. ३.१७५ तिला पाठ होतं, पण आईच्या भाषेत त्याचं नाव नूल आहे हे तिच्या कानावरून नुसतं गेलेलं होतं.

"ती मापाचं बोलत होती," मी म्हणालो. "पडद्यावर माप हलतंय, असं. डोळ्यांपुढं म्हणजे डोळ्यांदेखत."

दानेश्वरीने आधी गुरुजींकडे, मग माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही दोघं माझ्यासाठी म्हणताय."

"न्हाय गं पोरी," गुरुजी म्हणाले.

"मग दाखवा. माप हलत असेल तर दाखवा."

*

गुरुजी मुद्रितं ठेवून गेले. मी कॉम्प्युटर लावला. पुस्तकाची फाइल उघडली. दानेश्वरी मागे उभी राहिली. मी पट्टीवर क्लिक केलं. वरच्या चौकटीत रुंदी आली, ३.१७५. दुसऱ्या पानावर गेलो. ३.१७५. मराठी रकान्यात क्लिक करून परत पट्टीवर आलो. तेच. कन्नड रकान्यात जाऊन आलो. तेच. पान मोठं करून बघितलं, लहान करून बघितलं. आकडा जागचा हलला नाही.

"बघा," ती म्हणाली, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी एजाजकडे गेलो. पुस्तकाचे पहिले फर्मे, म्हणजे सुरुवातीच्या पानांचे मोठे ताव, त्याने आधीच छापले होते. मी त्याला म्हटलं, रेघेपासूनची जागा मोज. त्याने स्टीलची पट्टी काढली, चष्मा कपाळावर ढकलला आणि पानं मोजत गेला. एक सूत. एक सूत. एक सूत. शेवटी म्हणाला, "मृत्युंजयभाई, भाबीच्या कामात चूक शोधताय? ते माझं खातं होतं. मला कधी सापडली नाही, तुम्हाला काय सापडणार."

"चूक नको. फरक सापडायला हवा होता."

"का?"

मी त्याला सगळं सांगितलं. तो काही वेळ पट्टी हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "भाबीने मला पण सांगितलं होतं."

"काय?"

"म्हणाली, एजाजभाई, पडद्यावर सूत सरकतंय, छापताना नीट बघा. मी म्हटलं, आता कॉम्प्युटरला नावं ठेवा, माझा पिच्छा सुटला." तो थोडं हसला. "मग मी मोजलं. बरोबर होतं. तसं फोनवर कळवलं. ती म्हणाली, मग ठीक आहे, नुसतं दिसण्यात आहे."

हे मला मोठं वाटलं. मी घरी येऊन दानेश्वरीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पण त्यातून तिने उलटच अर्थ काढला. कागदावर माप बरोबर आहे, कॉम्प्युटरवर तुम्ही बघितलं तर हलत नाही, मग हललं कुठे? अव्वाच्या डोळ्यांतच ना? माप म्हणाली असेल, धागा नसेल. पण आकडा हलत नसताना तिला हलताना दिसत होता, हे तर आणखी वाईट. असं ती म्हणाली, आणि तिचं म्हणणं खोडता येत नव्हतं.

ज्याच्याकडून हे सॉफ्टवेअर घेतलं त्या दुकानदाराला मी फोन केला. तो म्हणाला, काका, असं काही होत नाही. मी म्हटलं, माझ्या बायकोला झालेलं दिसलं. तो म्हणाला, त्यांनाच फोन द्या. मी फोन ठेवला.

नंतरचे काही दिवस मी रोज त्या फाइलशी बसलो. पट्टी मागे-पुढे सरकवली. नवीन पट्टी काढली. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. मिलिमीटरऐवजी इंच करून बघितले, परत मिलिमीटर केले. मराठी मजकूर टाइप करून बघितला. शेवटच्या प्रकरणाची मराठी बाजू या नादात पुरी झाली. आकडा हलला नाही. मलाही शंका येऊ लागली. शिवलीला कधी नसलेलं काही सांगायची नाही. पण आजारी माणसाला नसलेलं दिसतं, हेही खरं आहे.

*

गुरुजींचा फोन आला. म्हणाले, पुस्तकाची घाई नाही, पण बट्टे तेवढं काढा. ते आठवून झोप येत नाही. मी दानेश्वरीला म्हटलं, मला कन्नड टाइप करता येत नाही. एकच शब्द आहे. तू बस.

ती नको म्हणाली. तिला कन्नड टायपिंग शाळेत असताना सुट्टीत आईने शिकवलं होतं. "सगळं विसरले मी," ती म्हणाली.

"चार अक्षरं आहेत."

"तीन," ती म्हणाली, आणि येऊन बसली.

मी शेजारच्या टेबलावर पत्रिकांच्या पाकिटांना गोंद लावत होतो. तिने फळ्याच्या कोड्याचं पान काढलं. पट्टी कुठे आहे ते बघायला तिने तिच्यावर क्लिक केलं, कारण रकाना पट्टीला नीट चिकटलेला आहे का ते आधी बघायचं असतं, हे आईने तिला सांगितलेलं होतं. मग तिने किबोर्डची भाषा बदलली. मराठीवरून कन्नडवर नेली. आणि हात तसाच ठेवून थांबली.

"अप्पा."

"काय?"

"इकडे या."

मी गोंदाचा हात वर धरून गेलो. वरच्या चौकटीत रुंदी ३.२ होती.

"तू काही बदललंस का?"

"भाषा बदलली फक्त."

"परत मराठी कर."

तिने मराठी केली. ३.१७५ झालं. कन्नड केली. ३.२ झालं. पट्टी होती तिथेच होती, तेवढीच होती. नुसता आकडा गोल होऊन दिसत होता. तिने परत केलं. परत बदलला. मी मोजलं नाही किती वेळा केलं ते.

मग मी तिला विचारलं, "तू आधी भाषा का बदललीस? रकान्यात क्लिक करून मग बदलतात ना?"

"नाही," ती म्हणाली. "अव्वा म्हणायची, आधी भाषा बदल, मग रकान्यात जा. उलटं केलं तर पहिलं अक्षर मराठीत उमटतं."

मी नेहमी आधी रकान्यात जातो. एकदा आत गेलं की वरच्या चौकटीत पट्टीचं माप राहत नाही, अक्षराचं माप येतं. आणि कन्नडची मला कधी गरजच पडली नव्हती. त्यामुळे माझ्या पद्धतीने तो आकडा कधीच हलला नसता. जो माणूस एकाच पानावर दोन भाषा लावतो, आणि आधी पट्टी बघतो, आणि आधी भाषा बदलतो, त्यालाच ते दिसणार. आमच्या ओळखीत अशी एकच बाई होती.

मी एजाजला फोन केला. तो म्हणाला, "म्हणजे मशीनला कन्नड बोललं की गणित कच्चं होतंय." मागून त्याच्या छापखान्यातलं कोणीतरी हसलं. "भाबीला सांगायला हवं होतं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

दानेश्वरी अजून खुर्चीतच होती. तिने रकान्यात जाऊन 'बट्टे' पुसलं आणि 'अरिवि' टाइप केलं. एकेक अक्षर शोधत. मग फाइल सेव्ह केली. मी तिला म्हटलं, यावरून डॉक्टरांचं काही खरं-खोटं होत नाही. अव्वाला आधीपासून काही असेल, नसेलही. आता ते कळणार नाही.

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण ती मला दुखणं नव्हती सांगत. काम सांगत होती."

"हो."

"आणि मी तिला चष्मा बदल म्हटलं."

"मीही तेच म्हटलं असतं," मी म्हणालो. "एजाज तर तिला पिच्छा सुटला म्हणाला, ऐकलंस ना."

ती हसली. फार नाही. मग म्हणाली, भूक लागली आहे. नागम्माने सकाळी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पाठवली होती, ती आम्ही दह्याबरोबर खाल्ली. तिने दोन वेळा वाढून घेतलं. खाताना ती विचारत होती, आज्जाने तो फळा परत कधी आणला. मला ते माहीत नव्हतं. गुरुजींना विचारायला सांगितलं. तिने लगेच फोन लावला आणि ते दोघं कन्नडमध्ये बराच वेळ बोलत होते. मधेच तिने "नूल" म्हटलेलं मी ऐकलं.

रविवारी ती पुण्याला गेली. मी स्टेशनवर सोडायला गेलो होतो. गाडीत बसल्यावर तिने खिडकीतून सांगितलं, दुकानदाराला कळवा, फोनवर नको, नीट लिहून कळवा, म्हणजे दुसऱ्या कोणाला त्रास होणार नाही. मी बरं म्हणालो. सोमवारी ती कामावर हजर झाली, तसा तिचा फोन आला.

दुकानदाराला अजून लिहिलेलं नाही. गुरुजींच्या पुस्तकाची मराठी बाजू पुरी आहे. शेवटच्या प्रकरणाची कन्नड बाजू लावायची आहे, आणि मधल्या पट्ट्या काढायच्या राहिल्या आहेत.